हात पोहोचतो तिथवर

रियेकाच्या धक्क्यावर, शेवटच्या क्रेनच्या पलीकडे,
ब्राँझचा एक आचारी उभा आहे.
हातात पळी, पोटावर ॲप्रन, तोंड समुद्राकडे.
तो रांधायचा ती बोट बुडाली,
आणि वर्गणी काढून लोकांनी
कप्तानाला सोडून याला उभं केलं.

मी त्याची नाडी बघते.
हसू नका, कामच तसं आहे:
आगर-आगरची थुलथुलीत चकती,
तिच्यात दोन इलेक्ट्रोड,
तिसरा तो स्वतः.
दहा मिलिव्होल्ट.
एवढ्याशा गुदगुलीने ब्राँझ जागं होत नाही,
झोपेत कूस बदलावी तेवढंच हलतं,
आणि त्यावरून कळतं
अंगावरचं पांघरूण कुठे जाड, कुठे विरलेलं.

सुरुवातीच्या लाटा भराभर जातात, मोजायच्या आत.
शेवटची एकच लाट शंभर सेकंद घेते.
तेवढा वेळ हलायचं नाही.
बुरा वारा सुटलेला असतो,
तिहाना माझ्या पाठीशी ताडपत्री धरून उभी,
आणि क्रेनवाल्याला मनातल्या मनात शिव्या.

तीन वर्षांपूर्वी सगळा पुतळा घासूनपुसून
आम्ही तीन लेप लावले होते.
डाव्या पोटरीला मेण, उजवीला रोगण,
पाठीवर ते नवं, ज्याचं नाव अजून नुसता आकडा आहे.
पुढची बाजू कोरी ठेवली. तुलनेसाठी.

आणि रोध सगळ्यांत जास्त निघाला
त्या कोऱ्या हातांचा.
दहापट.

चकती बदलली. केबल बदलली.
दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा.
प्राध्यापक ब्लेचिच म्हणाले, हा बिंदू गाळा.
मी मान डोलावली आणि गाळला नाही.

कारण मानेचं मोजमाप बरोबर होतं.
मानही कोरीच होती,
आणि कल्हई उडालेल्या पातेल्यात
रात्रभर ताक राहावं तशी कळकली होती,
फिकट हिरवी, बोट लावलं की पावडर.
एकाच माणसाचे हात शाबूत आणि मान सडलेली,
हे हवेचं काम नव्हे.

रविवारी पावणेसातला ती आली.
एर्मिनियाबाई, ऐंशीच्या पुढच्या,
सार्डिनच्या डब्यात वितळवलेली चर्चमधली मेणबत्त्यांची बुडखी,
त्यात टर्पेंटाइन, आणि लोकरीचा एक मोजा.
आमच्याकडे बघितलंही नाही. आधी पळी, मग बोटं,
एकेक बोट वेगळं, नखांच्या कडांपर्यंत.

तुमचे कोण हे, मी विचारलं.
कोणी नाही, म्हणाल्या.
माझा भाऊ खाली बॉयलरवर होता. त्याचा पुतळा नाही.
शेवटचं ताट त्याला याने वाढलं असेल.
मग जरा थांबून,
वाढणाऱ्याचा हात कळकट नसावा.

त्या रात्री मी सगळे आकडे
पुतळ्याच्या बाह्याकृतीवर रंगवत बसले.
जास्त रोध निळा, कमी रोध लाल.
निळ्याची वरची कड सरळ निघाली, आडवी, पट्टीने आखल्यासारखी.
पहिल्या वर्षी ती गळ्याशी होती.
दुसऱ्या वर्षी ॲप्रनच्या वरच्या बंदाशी.
यंदा कोपराच्या जेमतेम वर.

अहवालाच्या रकान्यात काय लिहू?
लेप: अज्ञात. लावण्याची पद्धत: हाताने.
टिकाऊपणा:
इथे कर्सर बराच वेळ लुकलुकत राहिला.

तिहाना पडद्याकडे बघत म्हणाली,
एक शिडी नेऊन ठेवू या का तिथे?
मी म्हटलं, लोखंडी नको.
खाऱ्या हवेत ब्राँझला टेकलेलं लोखंड आधी जातं.
लाकडाची बघ.
तीन पायऱ्यांची. रुंद.