आवक-जावक

प्रशिक्षणाला चौदा खुर्च्या होत्या. मीच मोजल्या.
मे महिना, हिंगणा एमआयडीसी,
शीतगृहाच्या आत उणे अठरा, बाहेर सेहेचाळीस,
आणि मधल्या हॉलमध्ये वाळ्याचा कूलर
सभेत उगाच कुणी खाकरावं तसा खाकरणारा.

पुण्याहून आलेल्या मॅडमनी टॉर्चचा माईक केला.
म्हणाल्या, गळती म्हणायचं नाही, घटना म्हणायचं.
माहीत नाही म्हणायचं नाही,
माहिती घेत आहोत.
फळ्यावर तीन वाक्यं लिहिली:
आम्हाला खेद आहे. परिस्थिती नियंत्रणात आहे. चौकशी सुरू आहे.
ती आम्ही पाढ्यांसारखी म्हटली.

कॉम्प्रेसरवर सतरा वर्षं काढलेले तेजराम वंजारी
उभे राहिले तेव्हा त्यांच्या हातांना
जागाच सापडेना.
अंधारात व्हॉल्व्ह ओळखणारे ते हात
शेवटी हेडमास्तरसमोर जावेत तसे पाठीमागे गेले.
‘पण मॅडम, गळली त गळलीच ना?’
सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत.
‘नेमकं हेच वाक्य पहिल्या पानावर येतं.’

लॅबच्या बुरडेबाई मात्र टॉर्चच्या उजेडात
पापणी न हलवता तिन्ही वाक्यं बोलल्या.
त्यांच्या नावापुढे मी लिहिलं: उत्तम.

अकरा दिवसांनी अमोनिया सुटला.

मेलं कुणी नाही, हे आधीच सांगतो,
(हेही मॅडमनीच शिकवलेलं, चांगलं आधी सांगा)
पॅकिंगच्या चार बाया दवाखान्यात,
डोळ्यांत तासभर पाण्याची धार.
आम्ही चौदाजण वरच्या मजल्यावर, खिडक्या बंद करून,
तीन वाक्यांचा कागद कुणाच्या ड्रॉवरमध्ये राहिला
ते शोधत होतो.

कॅमेरे थांबतात कुठे?
फाटकापाशी.
फाटकावर उदाराम निनावे,
ज्यांची खुर्ची मी मांडली नव्हती.

‘वारा तिकडून येऊन रायला, अठी नका उभे राहू.
रुमाल ओले करा, नाकाले लावा.
त्या पोराले पानी द्या आधी, त्याचे डोये पाहा.’
हे त्यांचं पहिलं निवेदन.
मग कुणीतरी विचारलं, कधी झालं हे?
त्यांनी चष्मा पुसला, रजिस्टर उघडलं,
थुंकी लावून पान उलटलं.
‘भोंगा चार दहाले वाजला.
बाया चार पंचवीसले बाहीर आल्या.
दवाखान्याची गाडी पाच पाचले.
लिवून हाये.’

आमच्या पत्रकात भोंगा साडेचारचा होता,
गाडी ‘तात्काळ’.
तात्काळ हा शब्द मीच घातला होता.
चांगला बसला होता तिथे.

रात्री नऊला सगळ्या नागपूरनं ते बोट पाहिलं,
निळ्या शाईच्या रकान्यावरून सावकाश सरकणारं.
खाली पट्टी: सुरक्षारक्षक.
नाव नाही. आडनावच निनावे,
वाहिनीला तरी काय दोष द्यावा.
बुरडेबाईंची मुलाखत झालीच नाही,
त्यांना कुणी विचारलंच नाही.

सोमवारी मला नोटीस टाइप करायला सांगितली.
‘अधिकार नसताना माध्यमांशी संपर्क साधल्याबद्दल
आपल्याविरुद्ध कारवाई का करू नये.’
तीनच वाक्यं झाली. सवय लागली होती.
टेबलावर दोन दिवस ठेवली पेपरवेटखाली,
तिसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, गेली का?

गेलो. उन्हात फाटकापर्यंतचं अंतर
एवढं असतं हे ठाऊक नव्हतं.
म्हटलं, निनावेजी, हे घ्या जरा.
त्यांनी पाकीट उलटसुलट पाहिलं, फोडलं नाही.
‘काहून हो, तुमी स्वतः आले? शिपाई नव्हता का?’
मी म्हणालो, माहिती…
पुढचं बोललो नाही.

त्यांनी रजिस्टर ओढलं,
आवकच्या रकान्यात लिहिलं:
एक लिफाफा, आफिसातून, साहेब स्वतः.
मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ नेलं.
अकरा वाजून सात.
मग पेन माझ्यापुढे धरला.

‘सही करा इथं. वेळ बरोबर हाये ना, पाहून घ्या.’