टोपी

जिममध्ये टेबलावर तीन टोप्या मांडल्या होत्या.
डाळिंबी आमची, चाळीस मैलांवरच्या कॉलेजची,
जिच्या सामन्यांसाठी इथे लग्नाच्या तारखा हलतात
आणि मेलेला माणूससुद्धा हाफटाइमपर्यंत थांबतो.
निळी शेजारच्या राज्याची, नुसती शोभेला.
तिसरी राखाडी.
तिच्यावरचं नाव मला चष्मा लावूनही लागलं नाही.

लूरलीनने दोनशे कपकेकांवर
आदल्या रात्रीच डाळिंबी आयसिंग फिरवलेलं.
उतावळं गाव, गुडघ्याला बाशिंग.

जव्हॅरिअस पेटवे उठला.
सहा फूट चार इंच. कोटाच्या बाह्या आईने उसवून लांब केलेल्या,
जुन्या दुमडीची रेघ मनगटाजवळ तशीच.
हात डाळिंबीवरून गेला
(बँडमधल्या पोराने घाईने ड्रम वाजवलासुद्धा)
आणि राखाडीवर टेकला.

तेवढ्यात कुणाचं तरी तान्हं रडलं, ते बरं झालं.
ती शांतता आमच्यापैकी कुणाला फोडता आली नसती.

दुपारी टिडमोरच्या सलूनमध्ये एकच वाक्य:
पोराने गावाला टोपी घातली.
हॉलिसने ट्रकवरचा इंग्रजी आठाचा आकडा नखाने खरवडला.
वरचा गोळा निघाला, खालचा निघेना.
आता तो मागे शून्य लावून हिंडतो.
कुणी म्हणालं पैसा. कुणी म्हणालं पोरगी.
पास्टर म्हणाले प्रार्थना करू,
कशासाठी ते त्यांनी सांगितलं नाही.
"आपण घडवला त्याला," म्हणाला ड्यूई स्ट्रिंगफेलो,
वीज कंपनीच्या खिडकीतला,
ज्याने ओनेडा पेटवेला हप्ते पाडून द्यायला
दोनदा नाही म्हटलं होतं.
आपला, आपला, आपला.
संध्याकाळपर्यंत त्या शब्दाची चव गेली,
तोंडात नुसतं रबर उरलं.

मी बस चालवते. सत्तावीस नंबर, एकोणीस वर्षं.
नियम असा: दोन मिनिटं थांबायचं आणि निघायचं.
तो पहिलीत होता.
आई कोंबड्यांच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून यायची,
मग त्याचे बूट सापडायचे.
त्या दिवशी सापडेनात.
मी निघाले.
आरशात एक ठिपका, पाठीवर उडणारं दप्तर,
लहान होत गेला, लहान होत गेला,
मग मोठा होत गेला.
मी वेग कमी केला नव्हता. हे मी शपथेवर सांगेन.
वळणावर तो कपाशीत आडवा घुसला
आणि पुढच्या थांब्यावर माझ्याआधी उभा,
एका पायात मोजा, एका पायात तोही नाही.
"गुड मॉर्निंग, मिस व्हर्डी."

आज जो तो सांगतो,
त्याला पळताना पहिल्यांदा मीच हेरलं.
मी गप्प बसते.
मी हेरलं नाही. मी थांबले नव्हते, एवढंच.

मे महिन्यात पेट्रोल पंपावर भेटला.
विचारलं, का रे, एवढ्या लांब?
जरा लाजला.
"तिकडे बर्फ पडतो, मिस व्हर्डी."
मला हसू आलं. तो हसला नाही.
"सगळं पांढरं झालं की रेषा कुठे असतात,
ते बघायचंय."

सलूनमध्ये मी हे बोलले नाही.
त्यांनी बर्फातही डावपेच शोधले असते,
नाहीतर अपमान.

कपकेक दुसऱ्या दिवशी निम्म्या भावात गेले.
मी दोन डझन घेतले; माझ्या बसमधल्या पोरांच्या जिभा
शुक्रवारपर्यंत डाळिंबी होत्या.

आता डिसेंबर.
पहाटे साडेपाचला, इंजिन तापेपर्यंत,
फोनवर त्या गावाचं हवामान बघते.
उणे अकरा. वारा उत्तरेकडून.
मग पेटवेंचा फाटा येतो.
तिथून आता टॉलिव्हरांची धाकटी चढते,
तिची वेणी रोज अर्धवट असते.
मी थांबते.
नियम अजून दोनच मिनिटांचा आहे.