धुकं, भाग दोन

रात्री बाराला खेळ उघडला
आणि साडेबाराला पार्क सोक-होनं हेडफोन काढून ठेवले.
आपटले नाहीत. ठेवले,
टॅक्सीत कुणी विसरलेली पिशवी ठेवावी तसे.
"धुकं कुठंय?" मला म्हणाला.
मी राम्यॉनवर अंडं फोडत होते.
म्हटलं, नावात आहे.

गुन्सानच्या या तळघरात बारा वर्षं
रात्रपाळीला मी हेच पाहिलं:
चाळीस पडद्यांवर चाळीस माणसं
राखाडीत चाचपडत चाललेली.
मिठागरापासून घंटेपर्यंत पाऊण तास.
कुत्रं भुंकलं की डावीकडे वळायचं,
पाणी वाजलं की थांबायचं.
पुढे डोंगर आहे, असं सगळे म्हणत.
दुरून साजरे ते इतरांचे डोंगर,
आमचा दुरून दिसायचाच नाही,
एकदम पायाला लागायचा.

आता दिसतो. पहिल्याच मिनिटाला,
अख्खा, झाडाझुडपांसकट,
माथ्यावर देऊळ, देवळावरचे कावळे मोजून घ्या.
कोपऱ्यात नकाशा, नकाशावर बाण,
बाणावर टिचकी मारली की पोचलात.

"एवढाच होता?"
पार्क बघत राहिला,
बारा वर्षं ज्याला वाकून साहेब म्हटलं
तो बसथांब्यावर चपलेत भेटावा तसा.

सतरा नंबरवर यून-चे मात्र खूश.
नर्सिंगची पोरगी, दोन पाळ्यांच्या मध्ये
वीस मिनिटं मिळतात तिला.
जुन्यात दिव्यापाशी गेल्याशिवाय सेव्ह व्हायचं नाही
आणि वीस मिनिटांत दिवा काही सापडायचा नाही.
तीन वर्षं ती तोच ओढा ओलांडत होती.
आज भर ओढ्यात, गुडघाभर पाण्यात थांबली,
बटण दाबलं, बूट घातले, निघाली.
"उद्या इथूनच," जाताना म्हणाली,
आणि पैसे द्यायला विसरली, इतकी खूश.

एक नवा पोरगा, नुकता एकोणीस लागलेला,
पार्कला विचारतो, आधी काय होतं यात?
"काही दिसायचं नाही."
"मग खेळायचात काय?"
पार्कनं तोंड उघडलं. मिटलं.
माझ्याकडे बघून आणखी एक कॉफी मागितली.

गोदीतून निवृत्त झालेला मून गाप-सिक,
उजव्या हाताला तीनच बोटं.
होडी वल्हवायला एका दमात चार बटणं लागायची,
म्हणून तो बायकोला शेजारी बसवायचा.
ती विणकाम मांडीवर ठेवून, न बघता, दोन दाबायची.
आता बटणं हवी तशी लावता येतात.
आज त्यानं एकट्यानं खाडी पार केली.
मी टाळ्या वाजवल्या.
"बरं केलं त्यांनी," म्हणाला,
आणि शेजारच्या खुर्चीवर जाकीट टाकून बसून राहिला.
बायको घरी आहे, धडधाकट, झोपलेली.
"तिला सांगायचं कसं?"

मग कुणीतरी म्हणालं, ते धुकं काही मुद्दाम नव्हतं.
तेव्हाच्या यंत्रांना लांबचं रंगवणं झेपायचं नाही,
म्हणून झाकलं होतं.
म्हणजे ती लाज होती त्यांची,
आणि आम्ही तिला गूढ म्हणत आलो.

मीही एक नकाशा काढला होता,
मासळीबाजाराच्या कॅलेंडरच्या पाठीवर.
झेरॉक्स पाचशे वॉनला. दोनेकशे तरी खपल्या.
आज पडद्याशी ताडून पाहिला: चौदा चुका.
घंटा तर मी खाडीच्या भलत्याच काठावर टांगलेली.
तरी लोक पोचायचे.

पहाटे चारला पार्क पुन्हा बसला.
हेडफोन चढवले,
चष्मा काढून शर्टाच्या खिशात घातला
आणि नाक पडद्यापासून लांब धरून चालू लागला.
बाण लुकलुकत होता, त्याला दिसत नव्हता.
दोनदा झाडावर आपटला.
मी खांद्याला हात लावून विचारलं, राम्यॉन आणू का?
त्यानं बोट ओठांवर ठेवलं.
"थांब," म्हणाला, "कुत्रं भुंकतंय."