टाचेची हाक

बांबोळीच्या त्या खोलीत
डॉक्टरीणबाईंनी कागद आमच्याकडे फिरवला,
टिश्यूचा डबा थोडा पुढे सरकवला.
दोन्ही कान, म्हणाल्या. पूर्ण.
मग गप्प राहिल्या,
आम्हाला रडायला जागा हवी म्हणून.

मी जमिनीकडे बघत होतो.
फरशी. खाली काँक्रीट.
टाच आपटली तर कुठेच पोचायची नाही.
घरातली एक खोली तरी
फळ्यांची करून घ्यायला हवी.

दिवाडीला पुर्सोकाकाला बोलवायचं
म्हणजे माळ्याच्या फळीवर दोनदा टाच.
तो वळायचा.
फेरीबोट धक्क्याला लागायच्या आधी
त्याला तळपायांतून कळायची,
पोदेर आलेला कुत्र्याच्या शेपटीवरून.
प्रत्येकाला त्याने हातांत नाव दिलेलं:
बाबा म्हणजे खिशाला पेन अडकवणं,
आई म्हणजे मनगटावरचं पीठ झाडणं,
मी म्हणजे हनुवटीवर एक बोट,
विहिरीच्या काठावर पडून टाके पडले तिथे.
तो जाऊन अकरा वर्षं झाली.
माझं ते नाव त्यानंतर कुणी घेतलेलं नाही.

आणि हेही लिहायला हवं, की
सातवीत, जत्रेत, पोरं त्याला
मोनो, मोनो म्हणून ओरडली
तेव्हा मी खाज्यांच्या दुकानामागे उभा होतो.
त्याने त्यांचे ओठ वाचले.
माझे मिटलेले, तेही वाचले असणार.
घरी येताना अर्धं खाजं मला दिलं.

खाजनातल्या शेताचे कागद झाले
तेव्हा त्याला एवढंच दाखवलं,
अंगठा कुठे ठेवायचा.
शाळेत कुणी घातलंच नव्हतं.
प्रेम खूप होतं आमच्या घरात.
विचारणं नव्हतं.

शकुन वाळपयची. तिच्या माहेरी
सगळ्या खुंट्या कमरेच्या खाली.
पहिल्यांदा गेलो तेव्हा वाटलं, शाळा आहे की काय.
तिची तुळशीमावशी बसून सरकत चालायची,
आणि आल्यागेल्याची छत्री टांगायचा मान
तिचा होता.

यंत्र आहे, शस्त्रक्रिया आहे, लवकर केलेली बरी,
सगळं नीट ऐकून घेतलं आम्ही.
काही विचारायचंय?
शकुन म्हणाली, खुणांची भाषा
इथे कोण शिकवतं?
तिला नंतर. आधी आम्हाला.
डॉक्टरीणबाईंनी डबा मागे घेतला.

तो तिथेच राहू द्यायला हवा होता.
पार्किंगमध्ये स्कूटरला किल्ली लावताना
मला काही दिसेना.
शकुन म्हणाली, रड, पण हेल्मेट काढ आधी.
मग तीही.

जुन्या गोव्याच्या धक्क्यावर संध्याकाळ.
ऊर्वीला फेरीच्या लोखंडावर उभी धरली, अनवाणी.
कागदावर ऊर्वी. हातातलं नाव
अजून ठरायचंय.
आधी माणूस बघायचा, काकाची रीत,
नाव मागाहून.

इंजीन सुरू झालं.
तिने मूठ चोखायची थांबवली
आणि खाली बघितलं.