चार बोटं

चांडकसाहेबांच्या पोराची गाडी
जमिनीपासून चार बोटं.
पहिल्याच दिवशी मी हात घालून मोजली,
अंगठा बाहेर ठेवून.

आत बसणं म्हणजे बसणं नाही ते.
आधी डोकं, मग ढुंगण,
मग आपलेच पाय दुसऱ्याचे असल्यासारखे ओढून घ्यायचे.
सिग्नलला ऑटोचं चाक कानाशी घरघरतं,
आणि स्कूटीवरल्या बाईच्या चपलेचा तुटका बंद
मला मान वर करून दिसतो.

आज सर्व्हिसिंगला न्यायची, हिंगणा टी-पॉइंटला.
"मामा, हळू," ऋषभबाबू फोनवर म्हणाले,
"खालून घासली तर दीड लाख."
माझ्या पगाराचं ते बोलले नाहीत.
तो हिशेब मी मनातच केला.

वर्धा रोडवर काही त्रास नाही.
वर मेट्रो, खाली मी,
दोघंही तुपात बोट फिरवावं तसे.
खामल्यात वळलो
आणि रस्त्याला वळ उठायला लागले.

पाटीवर गतिरोधक. आपण म्हणतो ब्रेकर.
सरळ गेलं की हनुवटी फुटते,
म्हणून तिरपं जायचं,
एक चाक, थांब, दुसरं चाक, थांब,
गुडघे गेलेला माणूस बसच्या पायऱ्या चढतो तसं.
मागून हॉर्न.
बुलेटवरचा एक पोट्टा ओरडून गेला,
"उचलून घ्या ना कडेवर!"

बाबूंना ठाऊक नाही, मी सांगितलंही नाही,
की यातले अर्धे ब्रेकर माझ्या हातचे आहेत.
अकरा वर्षं भोयर ठेकेदाराकडे डांबरावर होतो.
मे महिना, पायांना पोतं बांधलेलं,
पिंपातून धूर, वरून ऊन,
आणि घामाला डांबराचाच वास.
माप कागदावर असायचं.
कागद भोयरच्या खिशात,
भोयर कडुलिंबाखाली, झोपलेला.

त्रिमूर्तीनगरच्या आतल्या गल्लीत
तेव्हा निमगडेकाकू पाण्याचा जग घेऊन आल्या होत्या.
डावा हात प्लास्टरमध्ये.
"अजून एक घमेलं टाक ना भाऊ," म्हणाल्या,
"हे एवढ्यानं नाही थांबत."
कोण, ते त्यांनी सांगितलं नाही.
मी विचारलं नाही.
दोन घमेली टाकली.

आता तोच समोर.
पावसाळे खाऊन थोडा बसला असेल वाटलं होतं.
नाही बसला.
मी उतरलो, वीत लावली,
आणि खरं सांगतो, आधी बरंच वाटलं.
मग गाडीकडे पाहिलं.

पोहेवाला झारा तसाच ठेवून आला,
रस्त्यावर पोट टेकून खाली पाहू लागला.
"येऊ द्या… येऊ द्या… डावं घ्या… अजून…"
त्याच्या बनियनवर तर्रीचे डाग,
आणि आवाज असा, जणू विमान उतरवून राहिला.
फाटकाशी काकू.
केस सगळे पांढरे, हात चांगला सरळ झालेला.
मला ओळखलं नाही.
"हे काय बाप्पा, बसलेली म्हैस," म्हणाल्या,
"उठव ना तिले."

उठली नाही.
खर्रर्र.
तो आवाज सीटमधून माझ्या माकडहाडात शिरला.
पोहेवाल्यानं डोळे मिटून घेतले.
मग गाडी पलीकडे होती.

उतरून आधी मी गाडी नाही पाहिली.
ब्रेकर पाहिला.
पालिकेनं याला कधी पट्टे मारलेच नव्हते.
रात्री दिसतच नाही, काकू म्हणाल्या,
तीन वेळा अर्ज दिला.
आज एक पट्टा होता,
पिवळा, वीतभर, जरा वाकडा.

बाबूंना काय सांगायचं
ते टी-पॉइंट येईपर्यंत ठरवतो.
वाटेत अजून तीन आहेत.
त्यातले दोन माझे.