चाकाखालचा रस्ता

बत्तीस वर्षं मी सांगत आलो,
पिस्पालाचा हा चढ माझ्या पायाखालचा आहे.
खोटं. तो चाकाखालचा होता.
पाय होते ब्रेकवर
आणि रस्ता काचेपलीकडे, आवाज बंद केलेला.

निवृत्त झालो तेव्हा डेपोत केक कापला,
घरी आलो आणि पुन्हा बसलो.
सीट बदलली, एवढंच.
दालचिनीचे पाव पूर्वी शेवटच्या थांब्यावर मिळायचे,
आता हाताच्या अंतरावर.

डॉक्टरीणबाईंनी रक्तदाबाचा आकडा दाखवला.
म्हटलं, हा आमच्या कुठल्या बसचा नंबर?
त्या हसल्या नाहीत.

सप्टेंबरात सुरुवात केली.
एक थांबा जायचं, एक थांबा परत.
ऑक्टोबरात तीन झाले, पट्ट्याला नवं भोक पडलं.
नोव्हेंबरात बर्फावरून पाय सटकला, मनगट मोडलं,
आणि मनगटाच्या निमित्ताने पायांनी रजा टाकली.
हाड सहा आठवड्यांत जुळलं.
सवय जुळायला एप्रिल उजाडला.

मार्केट्टा बोलली काहीच नाही.
रोज सकाळी माझे बूट उचलून
हीटरजवळ ठेवायची,
दुपारी गार झालेले परत दाराशी.
एक दिवस मला त्या बुटांचीच दया आली.

बाहेर हिवाळ्यातली खडी झाडणारी गाडी फिरत होती,
धुळीत शिंकत पहिला थांबा गाठला.
दोन थांब्यांच्या मध्ये एवढं काही असतं
हे मला कुणी सांगितलं नव्हतं:
एक लाकडी जिना, थेट तळ्यापर्यंत उतरणारा,
एक कुत्रा, ज्याला माझे मोजे पसंत नाहीत,
आणि निळ्या घराच्या अंगणात सतरंज्या झोडपणारी
सिल्वी लाहतिनेन.

हात थांबवून तिने मला न्याहाळलं.
"तुम्हीच ना ते रौनो? माझ्यासाठी कधी न थांबलेले?"
मी ओळखलं. सात वाजून बाराची बस.
माझ्या आरशात ती रोज पळता पळता लहान होत जायची.
समोरून पाहिली तर चांगली उंच आहे.
वेळापत्रक, मी म्हटलं. तेवढंच सुचलं.
तिने सतरंजीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं.
अर्धा तास झटकत होतो.
तो व्यायामात धरायचा का, डॉक्टरीणबाईंना विचारायचं आहे.

पाचव्या थांब्यावर मी दम खायला बसतो.
आमच्याकडे बस हवी तर हात करावा लागतो,
तरी होदान, नवी ड्रायव्हर, म्हाताऱ्या माणसाला पाहून थांबायचीच.
दार उघडायचं, उबदार हवा बाहेर यायची,
माझ्याच जुन्या सीटचा वास.
मी मान हलवायचो, ती दार लावायची.
आठवड्याभरात दोघांचं जमलं:
मी हात करतो, ती दिवे मिचकावते, बस पुढे जाते.

ऑगस्टात एकदा सात थांबे चाललो.
उगाच. हवा चांगली होती, आणि
कुठल्याशा कुंपणापलीकडे कुणीतरी सौना तापवत होतं,
बर्चचा धूर पुढे पुढे नेत राहिला.
परतताना गुडघ्याने सांगितलं, आता पुरे.
वरून पावसाचे थेंब.
तेवढ्यात वळणावर बस आली.

मी हात केला. जीव तोडून केला,
दोन्ही हात केले.
होदानने दिवे मिचकावले,
आज जरा जास्तच प्रेमाने,
आणि गेली.

मी रस्त्याच्या मधोमध उभा राहून
तिच्या आरशात लहान होत गेलो.

सात थांबे.
निळ्या घरातून सिल्वीने हात केला, हसत होती,
तिने सगळं पाहिलं असणार.

दारात मार्केट्टाने टॉवेल पुढे केला.
उशीर?
"बस चुकली," मी म्हटलं,
आयुष्यात पहिल्यांदा,
आणि ओले बूट स्वतःच्या हाताने
हीटरजवळ ठेवले.