आवक

मार्केट यार्डात एकतीस वर्षं
काट्यावर बसलो.
हळदीची पोती यायची, मी आकडा ओरडायचो,
हमाल पुढं ढकलायचे.
वहीच्या कडा, डब्याचं झाकण, बनियनची बाही,
सगळं पिवळं.
पण हळदीचं पान कसं असतं, असं कुणी विचारलं असतं
तर मी खिडकीबाहेर बघितलं असतं.

रिटायर झालो त्याच साली
कृष्णा सांगलीवाडीत शिरली.
आमच्या दोन पायऱ्या चढली, तिसरीवर थांबली,
आणि जाताना मागच्या नळापाशी
वीतभर गाळ ठेवून गेली.
मी फावडं उचललं, तर
भिंतीपलीकडून दिलशाद मुजावर म्हणाल्या,
"काढू नगासा. लोक पैसं देऊन आणत्यात असली माती."
म्हटलं, बरं.
फुकटची आवक, नाही कशाला म्हणा.

दिवाळीनंतर जुन्या डायरीत रकाने आखले :
तारीख, माल, आवक, शेरा.
मालन दुपारची पडली होती.
फडताळातल्या डब्यातून मूठभर धने घेतले,
सुतळी ताणून सरी पाडली, पेरले.
सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी,
आणि मध्ये एकदा, कुणी बघत नसताना.

आठवा दिवस. शेरा : निरंक.
बारावा. निरंक.
सतराव्या दिवशी मालन डबा खुळखुळवत दारात आली,
"चटणीसाठी भाजून ठेवलेले धने
अर्धे कुठं गेले?"

दिलशादबाई इतक्या हसल्या
की त्यांच्या कोंबड्या आमच्याकडे उडून आल्या.
मग डोळे पुसत सांगितलं :
धने कच्चे घ्यायचे, चपलेखाली रगडायचे,
एकाचे दोन करून पेरायचे.
"आन् पाणी बेतानं. बी हाय ते, म्हस न्हवं."

गाजराचं तर सांगूच नये.
पानं आली, नाजूक, कातरलेली,
मी महिनाभर खुरपलं, राख घातली,
नातवाला फोनवर दाखवलं.
उपटलं तर खाली नुसता दोरा.
गाजरगवत.
रस्त्याकडेला उगवतं तेच,
आमच्याकडे फक्त लाडात वाढलं होतं.

महाशिवरात्रीच्या सुमारास दिलशादबाईंनी
काडेपेटीतून भेंडीचं बी दिलं. चौदा दाणे.
रात्रभर भिजवले, बोटाच्या एका पेरावर टोचले.
नऊ उगवले.
दोन गोगलगाईनं नेले, एक माझ्याच टाचेनं.
उरलेले सहा
मी रोज उठून मोजायचो,
जणू रात्रीत कुणी ट्रकात भरून नेईल.

पहिला तोडा : पाच भेंड्या.
कापडी पिशवीत घातल्या,
आयर्विन पुलावरून सायकल मारत यार्डात गेलो.
माझ्या जागेवर आता लोंढ्यांचा तुषार असतो.
हळदीचा सीझन, दम घ्यायला फुरसत नाही,
तरी त्यानं जागा करून दिली.
ठेवल्या काट्यावर.
काटा हलला नाही.
तुषार म्हणाला, "काका, किलोखाली हा दाखवतच नाही."
मला माहीत होतं ते.
त्याच काट्यावर तर बसलो होतो.

शेजारी एक माणूस आपली पोती मोजून घेत होता.
पोत्यामागं किलोभर कडता,
तुषारनं न बघता लिहिला,
मी लिहायचो तसाच.
तो माणूस काही बोलला नाही.
तेही पूर्वीसारखंच.
पिशवी उचलून मी बाहेर पडलो
आणि पुलावर बराच वेळ
सायकल हातात धरून चाललो.

मालननं पाचही भेंड्या चिरल्या.
एक जून निघाली, तीही चिरली.
दोघांना तीन-तीन घास आले असतील.
डायरीत आवकेच्या रकान्यात लिहिलं : पाच.
शेऱ्यात काय लिहावं सुचेना,
मोकळा ठेवला.

आता कडेच्या झाडावर एक भेंडी मुद्दाम सोडली आहे.
करकरीत वाळतेय, शिरा उलू लागल्यात.
मालन म्हणते, वाया घालवली.
पण दिलशादबाईंची काडेपेटी
अजून आमच्या कोनाड्यात आहे,
आणि शेजाऱ्याची वस्तू
रिकामी परत देत नाहीत.